'आजी पडली' एवढ्यावर थांबू नये

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

मराठी भाषेत 'पडणे' हे क्रियापद मोठे सोयीचे आहे. पाऊस पडतो, भाव पडतो, भिंत पडते आणि म्हातारी बाईही पडते. लहान मूल पडले तर आपण लगेच विचारतो, कुठे पडले, कोणी ढकलले, लक्ष कोणाचे होते? तरुण माणूस पडला तर विचारतो, गाडी कोणाची होती, चूक कोणाची होती? परंतु साठी उलटलेली बाई पडली असे कळले की आपण फक्त एवढेच म्हणतो, "वय झालं आता." येथे विषय संपतो. पुढचा प्रश्न कोणी विचारीत नाही. तो पुढचा प्रश्न विचारावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सोलापूरहून पुण्याच्या रस्त्याला बाळे, केगाव, कोंडी मागे टाकले की चिंचोळीची औद्योगिक वसाहत लागते. आम्ही तिच्या कडेच्या एका वस्तीत राहतो. येथील बहुतेक घरांतील कर्ती माणसे पाळीवर जातात आणि घरात उरतात ती लहान मुले व म्हाताऱ्या बाया. कारखान्याच्या फाटकावर सुरक्षिततेचे मोठमोठे फलक असतात. कामगाराचे बोट यंत्रात गेले तर त्याची नोंद व्हावी, गंभीर अपघात सरकारला कळवावा, भरपाई मिळावी असे कायदे आहेत. ते किती पाळले जातात हा प्रश्न वेगळा. पण निदान तो अपघात आहे, त्याला कारण आहे आणि ते कारण टाळता आले असते, हे तरी मान्य झालेले आहे. त्याच कामगाराची आई घराच्या मोरीत घसरून पडली तर मात्र कसली नोंद नाही, कसली चौकशी नाही. ते दैव ठरते!

आमच्या घरात कॉलेजचे तोंड पाहणारी मी पहिलीच. त्यामुळे वस्तीतले कागद माझ्याकडे वाचायला येतात. दवाखान्याची चिठ्ठी, बँकेचे पासबुक, तलाठ्याचा दाखला, काही वेळा स्टँपपेपर. आमच्याकडे मराठी, कानडी, तेलुगू सगळ्याच भाषा चालतात. त्यामुळे कोणी आजी असते, कोणी अव्वा, कोणी अम्मा. या सर्वजणींचे कागद वाचता वाचता माझ्या एक गोष्ट लक्षात आली. 'घरात पडल्याने दुखापत' या एकाच ओळीत तीन निरनिराळ्या गोष्टी लपलेल्या असतात. पहिली, खरेखुरे पडणे. दुसरी, हेळसांड. आणि तिसरी, मार. या तिन्हींचा आपण क्रमाने विचार करू.

प्रथम खऱ्या पडण्याविषयी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे पडल्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे मरतात. अनवधानाने होणाऱ्या दुखापतींच्या मृत्यूंत वाहन-अपघातांच्या खालोखाल याच कारणाचा क्रमांक लागतो, आणि या मृत्यूंत सर्वांत मोठा वाटा साठीपुढच्या माणसांचा असतो. स्त्रियांच्या बाबतीत त्याला शरीराचे एक कारण आहे. पाळी गेल्यानंतर शरीरातील इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होते आणि हाडांची झीज वेगाने होऊ लागते. बाहेरून काही दिसत नाही. आतून हाड मात्र वाळवी लागलेल्या वाशासारखे पोकळ होत जाते. त्यातच जन्मभर सर्वांना वाढून उरेल ते खाल्लेले असते. मग साधे हातावर पडले तरी मनगट मोडते आणि कुशीवर पडले तर खुब्याचे हाड मोडते.

पण हाड ठिसूळ असले तरी ते आपण होऊन पडत नाही. पाडणाऱ्या गोष्टी घरात असतात. ओली शहाबादी फरशी, उंच उंबरा, शेवाळलेली मोरी, रात्री अंधारात बाहेर शौचाला जाणे, मोतीबिंदूने धूसर झालेली नजर, रक्तदाबाच्या गोळीनंतर एकदम उठल्यावर येणारी भोवळ. सोलापूरकरांनी चार-चार, पाच-पाच दिवसांआड येणाऱ्या पाण्याची सवय वर्षानुवर्षे करून घेतलेली आहे. पाणी आले की घरातले प्रत्येक भांडे भरायचे, आणि पाणी भरायला घरी कोण असते? म्हातारी! भरलेली घागर उचलून ओल्या फरशीवरून चालणारी सत्तर वर्षांची बाई पडली तर त्यात आश्चर्य ते काय?

येथे एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवते. पडल्यानंतर म्हाताऱ्या माणसाला उभे राहता येत नसेल, एक पाय आखूड दिसत असेल व पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेले असेल, तर खुब्याचे हाड मोडले असण्याचा संभव फार असतो. अशा वेळी तेल लावून चोळणे, पाय ओढणे, "चार दिवस पडून राहा, बरं वाटेल" असे म्हणणे हे सर्व घातक आहे. शस्त्रक्रिया शक्यतो दोन दिवसांच्या आत व्हावी असे डॉक्टर सांगतात. कारण माणूस खिळून राहिला की पाठीला जखमा होतात, छातीत कफ साचतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, आणि पुष्कळदा मोडलेल्या हाडापेक्षा यामुळेच जीव जातो. डोक्याला मार लागला असेल तर आणखी सावध राहावे. म्हातारपणी डोक्यात रक्त हळूहळू साचते. पडल्यानंतर पंधरवड्याने, महिन्याने बाई असंबद्ध बोलू लागते, झोपाळू होते, आणि घरचे म्हणतात, "चळ लागला." तो चळ नसतो, त्या पडण्याचाच तो परिणाम असतो.

दुसरे पडणे रस्त्यावरचे. आमच्या बाजूला महामार्ग आहे आणि दुभाजकापलीकडे दुकान, दवाखाना, बसथांबा. तरुण पोरे धावत रस्ता ओलांडतात. म्हातारीला अंतराचा अंदाज येत नाही. तथापि याहून नेहमीचा प्रकार म्हणजे मोटारसायकलच्या मागून पडणे. म्हातारी बाई गाडीवर एका अंगाने बसते, मुलाला घट्ट धरायचा तिला संकोच वाटतो, आणि गतिरोधक आला की ती उडते. कित्येकदा पदर चाकात जातो. मागच्या चाकाचा अर्धा भाग झाकणारी जाळी असावी असा नियम १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे, आणि मागे बसणाऱ्यानेही शिरस्त्राण घालावे असा कायदा आहे. प्रत्यक्षात चालवणाऱ्याच्याच डोक्यावर ते नसते, मग मागे बसलेल्या आईचा विचार कोण करणार?

आता दुसऱ्या गोष्टीकडे, हेळसांडीकडे वळू. चष्म्याची काच फुटून वर्ष झाले, ती बदललेली नाही. मोरीतला दिवा गेला, तो लावलेला नाही. मोतीबिंदू पिकला, पण सोबत जायला कोणाला रजा नाही. आजी पडली ती या तीन गोष्टींमुळे, पण कागदावर आले ते केवळ 'पडल्याने'. येथे मला सुनांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. आमच्या वस्तीतली सून सकाळी पाळीवर जाते, दिवसभर उभी असते, आल्यावर स्वयंपाक करते. तिच्या अंगात त्राण उरत नाही, आणि कारखाना आजारी सासूसाठी रजा देत नाही. म्हणजे येथे हेळसांड ही सगळी मनाच्या दुष्टपणातून आलेली नसते. वेळ नाही, पैसा नाही, जागा नाही, यातूनही ती येते. परंतु एवढे मान्य करूनही एक प्रश्न उरतो. त्याच घरात मोबाईल येतो, मोटारसायकलचा हप्ता जातो, मग पन्नास-शंभर रुपयांचा दिवा का येत नाही? कारण घरखर्चाच्या यादीत म्हातारीचे नाव सर्वांत शेवटी असते, आणि ती स्वतःच म्हणते, "मला कशाला? माझं काय राहिलंय आता?"

तिसरी गोष्ट मार. हा शब्द लिहितानाही हात अडखळतो, कारण आपल्या संस्कृतीत आई देवासमान मानलेली आहे. पण देव मानणे वेगळे आणि माणूस म्हणून सुरक्षित ठेवणे वेगळे. म्हाताऱ्या माणसांना घरात मारहाण होते, हे वैद्यकीय जगाने उघडपणे मांडले तेच मुळी उशिरा. १९७५ मध्ये इंग्लंडमधील डॉक्टरांनी नियतकालिकांत याविषयी लिहिले, आणि त्या वेळी त्याला दिलेले नावच 'आजीला मारहाण' अशा अर्थाचे होते. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते की साठीपुढील दर सहा माणसांपैकी सुमारे एकाला वर्षभरात कोणत्या ना कोणत्या प्रकारची गैरवर्तणूक सोसावी लागते. आपल्या देशात २०१७-१८ मध्ये वृद्धांची मोठी राष्ट्रीय पाहणी झाली. तिच्यात असे सांगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ५ टक्के निघाले. याचा अर्थ आपण जगापेक्षा फार सज्जन आहोत असा घ्यायचा काय? मला तसे वाटत नाही. ज्या घरात राहायचे, ज्यांच्या हातची भाकरी खायची, त्यांच्याविरुद्ध परक्या माणसाला सांगायला धीर लागतो. आपलेच दात आणि आपलेच ओठ!

पडलेल्या आणि मारलेल्या माणसाच्या खुणा सारख्या नसतात. पडणारा माणूस हात टेकतो. म्हणून तळहात, मनगट, गुडघा, कपाळ, खुबा अशा पुढे आलेल्या भागांवर लागते. दंडाच्या आतल्या बाजूला बोटांचे वळ उठलेले असतील, दोन्ही दंडांवर सारखेच असतील, कानावर किंवा मानेवर मार असेल, चेहरा वाचवताना आडवा धरलेल्या हाताच्या बाहेरच्या बाजूला मोड असेल, तर शंका घ्यावी. दुखापत जुनी आणि दवाखान्यात आणले उशिरा, हीही एक खूण. बाईला काही विचारले की सोबतचा माणूसच उत्तर देतो, ही आणखी एक. अर्थात म्हातारपणी कातडी पातळ असते, साध्या धक्क्यानेही काळेनिळे होते, रक्त पातळ करण्याच्या गोळीने तर अधिकच. म्हणून एका डागावरून कोणाला आरोपी ठरवू नये. खुणेवरून निकाल द्यायचा नसतो. प्रश्न विचारायचा असतो, आणि तोही बाईला एकटीला बाजूला घेऊन.

मारणारा कोण असतो? कथा-सिनेमांनी आपल्याला सासू-सुनेची जोडी देऊन ठेवली आहे. पूर्वी सासू छळायची, आता सून छळते, असा हिशेब मांडून आपण मोकळे होतो. पण मी जे पाहते ते एवढे सोपे नाही. पुष्कळदा मारणारा हात दारूला पैसे मागणाऱ्या मुलाचा असतो. काही घरांत तो नवऱ्याचा असतो. चाळीस वर्षे मारत आलेला माणूस साठीला सेवानिवृत्त होत नाही. आणि पुष्कळदा भांडणाचे मूळ पैशात असते. श्रावणबाळ योजनेचे दरमहा १५०० रुपये, ज्याला आम्ही 'निराधारचा पगार' म्हणतो, ते म्हातारीच्या खात्यावर येतात. अंगठा तिचा, पैसे दुसऱ्याच्या हातात. तिने एक महिना "मला गोळ्या आणायच्यात" म्हटले की त्या रात्री ती पडते! हा पैशाचा छळ अंगावर दिसत नाही, पण पुढच्या माराची सुरुवात येथूनच होते.

घराबाहेरही म्हातारी बाई सोपी शिकार ठरते. सकाळी फुले आणायला निघालेल्या आजीच्या गळ्यातली बोरमाळ हिसकावली जाते. सोने जाते आणि मानेला, खांद्याला दुखापत होते ती वेगळीच. २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत असे हिसकावणे हा स्वतंत्र गुन्हा धरला आहे. "पुढे खून झालाय, आम्ही पोलीस आहोत, दागिने काढून रुमालात बांधा" किंवा "शेटजींना मुलगा झालाय, साड्या वाटतायत, दागिने काढलेत तर गरीब दिसाल" या युक्त्या आता जुन्या झाल्या, तरी अजून लागू पडतात. कारण वर्दीचे नाव ऐकले की आमच्या आज्या घाबरतात, आणि कोणी गोड बोलले की विश्वास ठेवतात.

याहून भयंकर प्रकार अंधश्रद्धेतून होतात. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात जिवती तालुक्यातील वणी खुर्द येथे जादूटोण्याच्या संशयावरून वृद्ध स्त्री-पुरुषांना बांधून मारण्यात आले. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस मेळघाटात रेट्याखेडा येथे सत्तरी ओलांडलेल्या एका स्त्रीचा याच संशयावरून अमानुष छळ झाला. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून महाराष्ट्रात आहे, आणि तरीही हे घडते. एकटी, विधवा, बोलायला फटकळ अशी म्हातारी असली की गावाला दोष टाकायला ती आयतीच सापडते.

आणि जे रीतीच्या नावाखाली होते त्याला तर आपण हिंसा म्हणतच नाही. नवरा गेल्यावर दगडाने बांगड्या फोडतात तेव्हा काचा मनगटात शिरतात. साठ-सत्तर वर्षांच्या, रडून अर्धमेल्या झालेल्या बाईला हे चारचौघांत सोसावे लागते. या प्रथांविरुद्ध आपल्याच जिल्ह्यातील करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाचे प्रमोद झिंजाडे यांनी मोहीम चालविली. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने ४ मे २०२२ रोजी ग्रामसभेत या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनीही तसे करावे असे परिपत्रक काढले. म्हणजे गावाने मनात आणले तर एका सभेत सुरुवात करता येते.

आता कायद्याविषयी थोडे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा २००७ साली झाला आणि महाराष्ट्रात १ मार्च २००९ पासून लागू झाला. आईला मुलगा, मुलगी, सज्ञान नातू-नात यांच्याकडे चरितार्थ मागता येतो. त्यासाठी न्यायालयात जावे लागत नाही. प्रांत अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा असतो. तिला स्वतःला जाणे शक्य नसेल तर तिने नेमलेला दुसरा माणूस किंवा संस्थाही अर्ज करू शकते. केंद्रीय कायद्यात चरितार्थाच्या रकमेवर दरमहा १० हजार रुपयांची मर्यादा आहे. ज्येष्ठ माणसाला सोडून देणे हा गुन्हा असून त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

दुसरा कायदा २००५ चा, कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांच्या संरक्षणाचा. तो केवळ सुनांसाठी आहे असा समज आहे. तसे नाही, आईलाही त्याखाली दाद मागता येते. पूर्वी तिला फक्त सज्ञान पुरुषाविरुद्धच तक्रार करता येत असे. मुंबईतील एका आई व मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ही अट काढून टाकली. मात्र डिसेंबर २०२० मध्ये त्याच न्यायालयाने हेही सांगितले की ज्येष्ठांचा कायदा पुढे करून सुनेचा राहण्याचा हक्क सरसकट बुडविता येणार नाही. मला हे दोन्ही निकाल एकत्र वाचावेसे वाटतात. एकीला वाचवायचे म्हणजे दुसरीला रस्त्यावर काढायचे असे नव्हे.

तिसरी गोष्ट बक्षीसपत्राची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. घर किंवा जमीन मुलाच्या नावे करून दिल्यावर त्याने सांभाळले नाही, तर २००७ च्या कायद्याच्या कलम २३ प्रमाणे ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येते. पण त्यासाठी सांभाळण्याच्या अटीवर ते दिलेले असावे लागते. ती अट कागदावर स्पष्ट लिहिलेली असणे हेच सुरक्षित. गेल्या वर्षी वस्तीतल्या एक आजी असाच एक लिहून तयार असलेला कागद घेऊन माझ्याकडे आल्या. दुसऱ्या दिवशी अंगठा करायचा होता. मी सगळा कागद वाचून दाखविला. चतुःसीमा, क्षेत्र, राजीखुशी, सर्व काही. त्या ऐकत होत्या. शेवटी त्यांनी एकच विचारले, "पोरी, यात माझी भाकरी लिहिली आहे का?"

लिहिलेली नव्हती. तसे मी सांगितले. त्यांनी दुसऱ्या दिवशी अंगठा केला नाही. त्यांचा मुलगा आमच्या घराशी बोलत नाही, आणि आजींना त्या घरात अजून राहायचेच आहे. मी मधून मधून जाऊन त्यांच्या हातांकडे बघून येते.

मग आपण विद्यार्थ्यांनी काय करावे? भाषणे पुष्कळ होतात. १५ जूनला ज्येष्ठांवरील अत्याचारांविरुद्धचा जागतिक जागृतिदिनही पाळला जातो. माझ्या सूचना लहान आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेचे आपले शिबिर जेव्हा एखाद्या गावी जाईल, तेव्हा भिंतींवर घोषणा रंगविण्यात एक दिवस कमी घालवून घरोघरी तीन गोष्टी पाहाव्यात. मोरीत दिवा आहे का, धरायला दांडी आहे का, आजीच्या चष्म्याला काच आहे का? दिवा आणि दांडी आपण स्वतः बसवू शकतो. सत्तरीपुढच्यांसाठी ५ लाख रुपयांपर्यंतच्या मोफत उपचारांची आयुष्मान वय वंदना योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. तिचे कार्ड काढून देणे हे मोबाईलवाल्या विद्यार्थ्याला अवघड नाही. ज्येष्ठांसाठी १४५६७, स्त्रियांसाठी १८१ आणि तातडीसाठी ११२ हे क्रमांक आजीला पाठ नसले तरी तिच्या नातवाला पाठ असावेत. आणि आपल्यापैकी जे माझ्यासारखे घरातले पहिलेच शिकणारे आहेत त्यांना विशेष विनंती अशी की कागद वाचून दाखवा. भरभर नव्हे, सावकाश, आणि त्यात काय लिहिलेले नाही तेही सांगा.

सर्वांत सोपे काम मात्र शेजारचे आहे. शेजारची आजी पडली असे कळले तर भेटायला जाताना केळी न्यावीत, विचारपूस करावी, आणि घरातली माणसे चहा ठेवायला आत गेली की जवळ सरकून हळूच विचारावे, "आजी, कशा पडलात?" त्या सांगतील किंवा सांगणार नाहीत. नाही सांगितले तर आठ दिवसांनी पुन्हा जावे.